स्वतःच्या शब्दाविरुद्ध दिलेली साक्ष

आदरणीय वासंतीताई केलर यांची आणि माझी पहिली भेट कोलोनमधल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात झाली, आणि त्या पहिल्याच भेटीत त्या मला रागावल्या.

त्याला आता अकरा वर्षे झाली. माझे पती वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागले, म्हणून मी पुण्याहून इकडे आले. पुण्यात मी जर्मन शिकवत असे. इथे सगळेच जर्मन बोलतात, तेव्हा माझे ते ज्ञान निरुपयोगी ठरले होते. कोलोनला शनिवार-रविवारी दुभाष्यांसाठी एक अभ्यासवर्ग चालतो असे कोणीतरी सांगितले आणि मी नाव नोंदवले. शिकवायला ताई होत्या. राखाडी केसांचा घट्ट अंबाडा, सुती कुडता, त्यावर जाड जर्मन जाकीट. त्यांनी एका बाईंना रुग्ण केले, एकाला डॉक्टर आणि मला दुभाषी. बाई हिंदीत म्हणाल्या, पोटात आग पडते, जेवणाचे ताट समोर आले की रडू येते. मी डॉक्टरांना जर्मनमध्ये सांगितले की यांना पोटाचा त्रास आहे.

“ती असं म्हणाली का?” ताईंनी मला मराठीत विचारले.

“नाही. पण अर्थ तोच ना?”

“अर्थ डॉक्टर काढतील. तू तिचे शब्द दे. आणि डॉक्टरांनी तुला विचारलं, ‘म्हणजे अल्सर आहे का?’ तर तू उत्तर द्यायचं नाहीस. प्रश्न तिला विचारायचा. उत्तर तिचं असतं, तुझं नसतं.”

चारचौघांत असे बोलणे मला लागले. मधल्या सुट्टीत मी खिडकीपाशी एकटीच उभी होते. ताई थर्मास घेऊन आल्या, झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पुण्याची ना तू? मग माझं बोलणं लागणारच. पण उद्या ये.” मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतरची अकरा वर्षे मी त्यांच्याकडे जातेच आहे.

ताईंचे बालपण भारताबाहेर गेले. त्यांचे वडील कापडगिरणीत इंजिनिअर होते आणि एका शेजारी देशातल्या बंदराच्या शहरात त्यांनी कित्येक वर्षे नोकरी केली. ताई पंधरा वर्षांच्या होईपर्यंत तिथेच वाढल्या. घरात मराठी, आणि दाराबाहेर पाऊल टाकले की तिथली भाषा. त्या देशाचे नाव मी इथे लिहीत नाही. तिथले सरकार पडून दुसरे आले असले, तरी या लेखातल्या माणसांचे नातेवाईक तिथेच राहतात, आणि जुन्या सरकारची माणसेही तिथेच राहतात.

पुढे पुण्यात शिक्षण, मग कोलोनच्या विद्यापीठात, मग रेल्वेत सिग्नलचे काम पाहणाऱ्या श्री. केलर यांच्याशी विवाह. आम्ही सगळे त्यांना केलरकाका म्हणतो आणि त्यांना ते फार आवडते. ताईंनी न्यायालयाची शपथ घेऊन दुभाषी म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काम केले. प्रसूतिगृहे, पोलीस ठाणी, कौटुंबिक न्यायालये, आणि आश्रय मागायला आलेल्या माणसांच्या सुनावण्या. कोलोनच्या आपल्या मराठी मंडळातली निम्मी लग्ने त्यांच्या भाषांतरित कागदांवर उभी आहेत, असे आपण गमतीने म्हणतो. पण ताईंचे खरे काम आपल्या मंडळाबाहेर चालत असे आणि त्याविषयी त्या कधी बोलत नसत. दुभाष्याने ऐकलेले बाहेर बोलायचे नसते.

त्यांच्या मायेचा अनुभव इथल्या अनेकांना आहे. मला आला तो माझे वडील गेले तेव्हा. पुण्याहून फोन आला त्या सकाळी माझे राहण्याच्या परवान्याचे कार्ड संपलेले होते. नवे अजून छापून यायचे होते. देश सोडला असता तर परत येता आले नसते. मी फोनवर नुसती रडत होते. ताई पहिल्या गाडीने हायडेलबर्गला आल्या, तिथून बसने आमच्या गावी, आणि मला घेऊन थेट आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या. आतल्या बाई म्हणाल्या, टेर्मीन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, नाही, तीन आठवड्यांनी या. ताई आवाज न चढवता म्हणाल्या, “या मुलीचे वडील वारले आहेत. तुम्ही नाही म्हणत असाल तर ते मला लिहून द्या, तुमच्या नावासह. मी तिला भाषांतर करून देते, म्हणजे तिच्या आईला दाखवता येईल.” दुपारपर्यंत तात्पुरता कागद हातात पडला. तरीही मी पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते. परत आल्यावर ताईंनी त्यावर एक शब्द काढला नाही. चार दिवस आमच्याकडे राहिल्या, माझ्या लेकीला किटामधून, म्हणजे इथल्या बालवाडीतून, आणत राहिल्या आणि मला जेवायला वाढत राहिल्या.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त मंडळाने गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि मला लेख मागितला, तेव्हा मी याच प्रकारचा लेख लिहायला घेतला होता. कच्चा खर्डा ताईंना वाचून दाखवला. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “अनघा, चूक लिहिणार असशील तर लिही. नाहीतर माझ्यावर लिहू नकोस.”

“ताई, गौरवग्रंथ आहे हो.”

“म्हणूनच म्हणते. अमीनाला विचार. ती हो म्हणाली तर लिही.”

अमीनाबाईंना विचारले. त्या दोन आठवड्यांनी हो म्हणाल्या. हे त्यांचे खरे नाव नव्हे. म्हणून आता त्या चुकीविषयी.

बारा वर्षांपूर्वी, म्हणजे माझी आणि ताईंची ओळख होण्याच्या आदल्या वर्षी, आश्रयासाठीच्या एका सुनावणीला ताई दुभाषी म्हणून गेल्या होत्या. समोर अमीनाबाई होत्या, तिशीच्या, मांडीवर चार वर्षांची मुलगी. त्यांचे पती बंदरावर क्रेन चालवत आणि तिथल्या कामगार संघटनेचे चिटणीस होते. एका सकाळी अमीनाबाई चहा गाळत असताना साध्या कपड्यांतली चार माणसे घरात आली आणि पतीला घेऊन गेली. कागद दाखवला नाही, कुठे नेतो ते सांगितले नाही. पोलीस ठाण्यात गेल्या तर पोलीस म्हणाले, आमच्याकडे नाही. तुरुंगात गेल्या तर तिथे नाही. चौथ्या ठिकाणी त्यांना सांगण्यात आले की पुन्हा विचारायला आलीस तर मुलगीही सापडणार नाही. तेव्हा त्या निघाल्या.

सुनावणीत अमीनाबाई म्हणाल्या ते मराठीत सांगायचे तर असे होते, “त्यांना उचलून नेलं.” आपल्याकडेही हा शब्द आहे. एखाद्याला उचलला म्हटले की काय झाले ते आपल्याला न सांगता कळते. अटक वेगळी आणि उचलणे वेगळे. अटकेला कागद असतो, कलम असते, ठाण्याच्या वहीत नाव असते. उचललेल्या माणसाचे नाव कुठेच नसते.

दिवसातली ती चौथी सुनावणी होती. ताई शब्द शोधत क्षणभर थांबल्या. टंकलेखनाला खोळंबा नको म्हणून अधिकाऱ्यांनीच विचारले, “आल्झो, फरहाफ्टेट?” म्हणजे अटक केली, असेच ना?

ताई म्हणाल्या, “जा.” जर्मनमध्ये जा म्हणजे हो.

हा प्रश्न अमीनाबाईंपर्यंत पोहोचलाच नाही. कागदावर अटक असे उमटले. शेवटी नियमाप्रमाणे ताईंनी ते निवेदन अमीनाबाईंना त्यांच्या भाषेत वाचून दाखवले. जर्मन कागदावरच्या अटक या शब्दाशी आल्यावर, एव्हाना कानात बसलेला अमीनाबाईंचाच शब्द ताईंच्या तोंडून आला. उचलून नेलं. अमीनाबाईंनी मान डोलावली आणि सही केली.

निकाल काय लागला हे दुभाष्याला कळत नाही. ताईंनाही कळले नाही. निकाल असा होता की अर्जदाराच्या म्हणण्यानुसार पतीला अटक झाली. अटक झाली असती तर वॉरंट, आरोप किंवा न्यायालयाची नोंद असती. तसे काही सादर झालेले नाही. सबब कथन विश्वासार्ह नाही. अपील फेटाळले गेले. अमीनाबाईंना परत पाठवणे जमत नव्हते, म्हणून डुल्डुंग नावाचा कागद मिळत राहिला. हा राहण्याचा परवाना नव्हे. सध्या हाकलत नाही, एवढेच तो सांगतो. दर काही महिन्यांनी तो वाढवून घ्यायचा. अमीनाबाईंनी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचे काम धरले. त्यांची आई तिकडे वारली, त्या जाऊ शकल्या नाहीत. मुलगी शाळेच्या सहलीला सीमेपलीकडे जाऊ शकली नाही. वर्षानुवर्षे.

मग तिथले सरकार पडले. नव्या सरकारने जुन्या राजवटीत नाहीशा झालेल्या माणसांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. एक निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष झाले. परदेशात गेलेल्या कुटुंबांनीही अर्ज करावेत, त्या काळी कुठे काही लिहून दिले असेल तर तेही पाठवावे, असे आयोगाने कळवले. अमीनाबाईंच्या हाती घटनेच्या सर्वांत जवळचा असा एकच लेखी पुरावा होता, तो जर्मन सुनावणीचा प्रोटोकोल, म्हणजे तेव्हा लिहून घेतलेले निवेदन. त्यांच्या वकिलांनी त्याच्या भाषांतरासाठी दुभाष्यांच्या यादीतून ताईंना फोन केला.

त्या दिवशी मी ताईंच्या घरी होते. अमीनाबाई मुलीला घेऊन आल्या. दारातच त्यांनी ताईंना ओळखले.

“तुम्हीच होतात,” त्या म्हणाल्या. मोठ्या बहिणीला हाक मारायचा त्यांच्या भाषेतला शब्द त्यांनी वापरला. “ताई, तुम्ही त्या दिवशी माझ्या मुलीला बिस्किट दिलं होतं. मी वकिलांना म्हटलं, त्या असतील तर काळजीच नाही.”

ताई कागद वाचायला बसल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या. मी त्यांचा चेहरा इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी अमीनाबाईंना चहा दिला, कागद ठेवून घेते म्हणाल्या, आठवड्याने बोलावले. त्या गेल्यावर ताईंनी ते पान माझ्यापुढे ठेवले आणि घडले ते सगळे सांगितले.

मी म्हटले, “ताई, आता भाषांतरात ‘उचलून नेलं’ असं घाला ना. ती तेच तर म्हणाली होती. कोणाला कळणार आहे?”

“कागदावर अटक लिहिलंय.”

“पण ते चूक आहे.”

“म्हणून मी दुसऱ्यांदा तिच्या वतीने ठरवू? पहिल्यांदा तेच केलं.” त्यांनी ते पान उलटे ठेवले. मग म्हणाल्या, “शब्द माझ्या घरात होता गं. सासूबाई मरेपर्यंत तो बोलत होत्या.”

केलरकाकांच्या आई लहान असताना त्यांच्या वडिलांना त्या वेळच्या सरकारची माणसे पहाटे घेऊन गेली आणि ते परत आले नाहीत. त्या गोष्टीसाठी त्या अटक हा शब्द कधी वापरत नसत. म्हणत, “आबगेहोल्ट.” घेऊन गेले. पोस्टातून पार्सल आणायला हाच शब्द, आणि माणसाला नेऊन नाहीसे करायला हाच. ताई त्या घरात तो शब्द वर्षानुवर्षे ऐकत होत्या. अधिकाऱ्यांसमोर तो त्यांना सुचला नाही.

ताईंनी भाषांतर केले. कागदावर होते तसे, अटक. त्यासोबत दोन पानांचे शपथेवरचे निवेदन जोडले, की हा शब्द साक्षीदाराचा नव्हे, माझा आहे. मला विचारले गेले आणि मी साक्षीदाराला न विचारता उत्तर दिले. वाचून दाखवतानाही माझ्या चुकीमुळे तिला ही चूक कळू शकली नाही. एक प्रत आयोगाला, एक वकिलांना, एक आश्रयाच्या कचेरीला. पण पाठवण्याआधी अमीनाबाईंना सांगायचे होते. ताईंनी मला थांबायला सांगितले. “मी काही गाळलं तर मला टोक,” म्हणाल्या.

दोघींचे प्रत्येक वाक्य त्या मला लगोलग मराठीत सांगत गेल्या, आणि त्यांनी काही गाळले नाही. अमीनाबाई टेबलाच्या पलीकडे बसून ऐकत होत्या. मुलगी बाजूला बसून ताईंकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. तिला आईची भाषा समजते, बोलते मात्र ती जर्मन.

बोलणे संपल्यावर अमीनाबाईंनी विचारले, “मला वाचून दाखवलंत तेव्हा काय म्हणालात?”

“उचलून नेलं.”

“म्हणजे मी सही बरोबर गोष्टीवरच केली.”

“हो. चूक फक्त माझी आहे.”

“इतकी वर्षं मी विचार करत होते,” अमीनाबाई म्हणाल्या, “की मी असं काय बोलले, की त्यांना खोटं वाटलं. रोज आठवून बघायचे. चहा गाळत होते असं सांगितलं, ते सांगायला नको होतं का. रडले नाही, ते चुकलं का. माझ्या बोलण्यातच काहीतरी खोटं असणार, असं मला वाटायला लागलं होतं.” मग त्या उठल्या, पिशवी घेतली. “कागद पाठवा,” म्हणाल्या आणि मुलीला घेऊन निघून गेल्या.

ताईंनी न्यायालयाला पत्र लिहून शपथबद्ध दुभाष्यांच्या यादीतून आपले नाव काढून घेतले. कोणी तसे सांगितले नव्हते. ज्या वकिलांची नावे जुन्या डायऱ्यांत सापडली त्यांनाही लिहिले, की त्या वर्षांतल्या माझ्या सुनावण्यांचे कागद पुन्हा तपासायचे असतील तर मी बसून तपासून देईन. व्यवसायातले काही सहकारी नाराज झाले. एकाने फोन करून सांगितले, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या कामावर संशय ओढवलात. आपल्या मंडळातही एक-दोघांनी मला विचारले, कशाला हे, या वयात, कोणी विचारलंही नव्हतं. त्या वर्षी ताई गणपतीला आल्या नाहीत. केलरकाका मला म्हणाले, “ती आता घरात ‘जा’ म्हणत नाही. चाळीस वर्षं म्हणत होती. आता मी काही विचारलं की मराठीत हो म्हणते. मला तेवढं मराठी येतं, पण ऐकून जीव तुटतो.”

आयोगाने ताईंना साक्षीला बोलावले. व्हिडिओवरून ती नोंदवायची होती. ताईंनी मला संगणकाची बाजू सांभाळायला बसवले होते. पडद्यावर अध्यक्ष होते, त्यांच्यामागे लोखंडी कपाटे आणि जमिनीवर ठेवलेले कागदांचे गठ्ठे. त्यांची भाषा मला फारशी कळत नाही. काय बोलणे झाले ते ताईंनी लगेच नंतर माझ्याकडून लिहून घेतले.

अध्यक्षांनी विचारले, “तुम्ही हे इतक्या वर्षांनी का सांगता आहात?”

“मला माझी चूक इतक्या वर्षांनी दिसली.”

“कुटुंबाने तुमच्यावर दबाव आणला का?”

“नाही. कुटुंब माझ्याशी बोलत नाही.”

“आपल्या हातून काय घडलं याची तुम्हाला कल्पना आहे?”

“तिच्या बाजूने काय घडलं ते थोडं कळलंय. माझ्या हातून काय घडलं ते सांगण्यासाठीच आले आहे.”

मग अध्यक्षांनी समजावून सांगितले. आयोगाकडे आलेले अर्ज दोन भागांत लावले जात होते. अटक झाली असे ज्यात होते, त्यांचा तपास तुरुंगांच्या नोंदवह्यांत व्हायचा. अमीनाबाईंचा अर्ज त्या भागात गेला होता. नोंदवहीत नाव नसल्याने तो बाजूला ठेवला जाणार होता. आता तो दुसऱ्या भागात जाईल, नाहीशा केलेल्यांच्या. तिथे तपास नोंदवह्यांत होत नाही. लपवून ठेवलेल्या जागांमधून जी थोडी माणसे जिवंत बाहेर आली, त्यांना विचारून होतो. पडदा बंद झाल्यावर ताई म्हणाल्या, वही घे.

सात महिन्यांनी आयोगाचे पत्र अमीनाबाईंना आले. ते घेऊन त्या मुलीसह ताईंच्या दारात उभ्या राहिल्या. मधल्या काळात त्यांनी एकही फोन केला नव्हता.

“याचं जर्मन हवंय, कचेरीसाठी,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाकडे द्यावंसं वाटेना. पण माफ केलं असं समजू नका.”

“नाही समजत,” ताई म्हणाल्या.

ताईंचे नाव यादीत नव्हते, तेव्हा शिक्का दुसऱ्या कोणाचा लागणार होता. पण शब्द ताईंनीच घालावेत असे अमीनाबाईंना वाटत होते. पत्रात लिहिले होते की बाहेर आलेल्या एका कैद्याने त्यांच्या पतीची ओळख पटवली आहे. दोघे शेजारच्या कोठड्यांत होते. डोळ्यांवर पट्टी असायची, कुठे आहोत ते कोणालाच माहीत नव्हते. पण क्रेनवाला बाहेरून भोंगा ऐकू आला की सांगायचा, हे अमुक जहाज, आज धान्य आलं, आज कोळसा आला. त्यावरून कैद्यांना कळले की आपण बंदरापाशी आहोत. एका हिवाळ्यानंतर त्याचा आवाज यायचा थांबला. त्याला तिथून कुठे नेले हे आयोगाला कळू शकलेले नाही. पुढील माहिती मिळाल्यास कळवले जाईल.

अमीनाबाईंचे घर बंदराजवळच होते.

“ताई, म्हणजे मी बाजारात जात होते,” त्या म्हणाल्या, “तेव्हा ते तिथे होते. मी भोंगा ऐकत होते तोच तेही ऐकत होते.” त्यांनी हे दोनदा म्हटले.

भाषांतर करताना पुन्हा तो शब्द आला. ताईंनी पेन खाली ठेवले. “अमीना, इथे कोणता शब्द घालू ते तू सांग,” त्या म्हणाल्या, आणि जर्मनमधले तीन शब्द त्यांनी त्यांना समजावून सांगितले. अटक करणे काय, सासूबाईंचा आबगेहोल्ट काय, आणि फरश्लेप्ट म्हणजे ओढत, फरफटत नेऊन नाहीसे करणे काय. अमीनाबाई मुलीकडे वळल्या. सोळा वर्षांच्या त्या मुलीला तिन्ही शब्द ठाऊक होते.

“आबगेहोल्ट नको,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “मला आई किटामधून न्यायला यायची, तेही आबहोलेनच. त्यात शेवटी घरी जातात.”

ताईंनी फरश्लेप्ट लिहिले. मग त्यांनी सगळे पत्र वाचून दाखवले, एकदा जर्मनमध्ये मुलीला, एकदा अमीनाबाईंना त्यांच्या भाषेत, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारले, हे असंच ना? तीन तास लागले.

ताईंचे निवेदन आणि आयोगाचे पत्र, दोन्ही मिळून इथली जुनी फाईल पुन्हा उघडली गेली आणि यंदाच्या वसंतात अमीनाबाईंना राहण्याचा परवाना मिळाला. ताईंनी त्याबद्दल आनंद व्यक्त केला नाही. मी पेढे घेऊन गेले होते, त्या म्हणाल्या, “केलरांना दे. हा कागद तिला बारा वर्षांपूर्वी मिळायला हवा होता, आणि तिचा नवरा अजून सापडलेला नाही.” अमीनाबाई अजूनही रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातच काम करतात. आयोगाकडून त्यानंतर पत्र आलेले नाही. पतीसाठी मागे राहिलेल्यांनी करायची प्रार्थना करावी की नाही, हे त्यांना ठरवता आलेले नाही.

मी पुष्कळ विद्वान माणसे पाहिली आहेत, भाषेवर प्रभुत्व असलेली तर फारच. ताईंचे मोठेपण मला त्यांच्या प्रभुत्वात दिसत नाही. ज्या चुकीची जगात कोणालाही कल्पना नव्हती, ती त्यांनी स्वतः शोधून, स्वतः लिहून, जिचे नुकसान झाले तिच्या हातात दिली, आणि त्या बदल्यात क्षमाही मागितली नाही. माझ्यावर अशी वेळ आली तर मी काय करेन, याचे उत्तर मी त्या दिवशी ताईंच्या टेबलाशीच देऊन चुकले आहे. मी म्हटले होते, कोणाला कळणार आहे.

आज त्या आठवड्यातले तीन दिवस जेवणाच्या टेबलावर जुने प्रोटोकोल वाचत बसतात. वकिलांकडून ते थोडे थोडे येत असतात. आतापर्यंत आणखी एका कागदात शंका घेण्यासारखी जागा निघाली. तो माणूस कुठे आहे याचा शोध चालू आहे. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, आणि केलरकाका दर तासाला येऊन त्यांना उठवून घरभर चालायला लावतात.

ताई, आपला अमृतमहोत्सव आपण साजरा करू देणार नाही हे ठाऊक असूनही आम्ही सारे जमलो आहोत. आपल्याला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभावे, दृष्टी आणि गुडघे यांनी साथ द्यावी, केलरकाकांनी आपल्याला असेच चालवत राहावे, ही आपल्या विद्यार्थ्यांची, मंडळाची आणि माझी मनापासूनची इच्छा.

लेखाची परवानगी घ्यायला अमीनाबाईंकडे गेले होते, तेव्हा मी त्यांना विचारले होते, तुमच्या वतीने काही लिहू का? मोडक्या जर्मनमध्ये आमचे बोलणे चालले होते. त्या म्हणाल्या त्याचे मराठी मी ताईंकडून तपासून घेतलेले नाही, पण एकही शब्द कमी-जास्त केलेला नाही:

“लिहा, की त्या जगायला हव्यात. चौकशी अजून संपलेली नाही. पुढचं पत्र येईल, त्यात काहीही असेल. ते मला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही.”